झुडूपवेडा

कोशमंडळाचं पत्र आलं : 'म' तुमच्याकडे.
मोर आणि माळढोक आधीच कुणीतरी उचललेले.
माझ्या वाट्याला मुंगीखाटीक,
समुद्रापल्याडच्या रानातला,
मी न पाहिलेला, कंधारात कुणीच न पाहिलेला,
आणि तो बसवायचा आठ ओळींत.

दुपारचे तीन. वीज गेलेली.
प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनचा वास अंधारात जास्तच येतो.
गफूरभाई परीक्षानळ्या पुसता पुसता विचारतात,
"कशात एवढं गुतलाव, म्याडम?"
सांगते.
"मुंग्या खातंय?"
फारशा नाही. किडे, टोळ, एखादं सरड्याचं पिल्लू.
मुंग्यांच्या फौजेमागं हिंडतात ते याचे चुलते,
हा आपला झुडपातच बसून.
"मग खाटीक तरी हाय?"
तेही नाही. आपल्या बाभळीवरचा खाटीक
कावळ्यांच्या भावकीतला.
याची त्याची सोयरीकसुद्धा नाही.
चोच तेवढी टोकाला वाकडी, आकड्यासारखी.
जहाजातून उतरलेल्या कुणीतरी ती पाहिली
आणि त्याला घरचं पाखरू आठवलं.

गफूरभाई हसले नाहीत.
नळी खिडकीकडे धरून डाग शोधत म्हणाले,
"आमच्या आब्बाच्या आब्बानं दुकान इकलं
निजामाच्या टायमाला.
मी चौतीस वर्षं तुमचे बेडूक सांभाळलो,
कापले पोरांनी, मी सुरी धरलो नाही.
तरी बी ईद आली की गल्लीत इचारायलेतच,
कटिंगला कवा येता म्हणून."

मी पेनचं टोपण लावते, काढते.
पुढचा रकाना : कुळ.
त्याखाली : जात.
पाखरालाही हेच शब्द, आपल्यालाही हेच.
सातबाऱ्यावरचं कूळ,
लग्नाच्या बोलणीतलं कुळ,
आणि तहसिलात तीन प्रतींत मागतात ती जात.
दुसरे शब्द कुणी केलेच नाहीत,
किंवा केले आणि ते कुणाच्या तोंडी बसले नाहीत.

आधी याचं कुळ मोठं होतं, एकत्र,
सगळ्या मुंगीपाखरांचं खटलं.
मग कुणी छातीच्या हाडाच्या खाचा मोजल्या,
कुणी गळ्यातली आवाजाची पेटी उघडली,
पुढं रक्तही तपासलं,
आणि वाटणी झाली.
भुईवरून चालणारे निघाले ते जुनं नाव घेऊन निघाले.
हे मागं राहिले, संख्येनं जास्त,
तरी नवं नाव यांनाच शोधावं लागलं.
ग्रीकमधून आणलं. अर्थ मी दोनदा तपासला :
झुडपावर जीव असलेले.

यातल्या एकाचा नर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा,
जुन्या सतरंजीसारखा. मादी विटकरी.
कपाटात शेजारी ठेवले तर म्हणाल, दोन वेगळी पाखरं.
पण तो बोलू लागला की तीही लागते, त्याच्या मागोमाग,
फरशीवर गोटी पडावी तसा सूर,
आधी सावकाश,
मग भरभर, भरभर,
आणि शेवटी एक चुटका.
हे मात्र आठ ओळींत बसत नाही.

वीज आली. पंखा कुरकुरला, कागद उडाले,
गफूरभाईंनी त्यांवर रिकामी बरणी ठेवली.
मागच्या कुंपणाच्या काट्याला
एक नाकतोडा टोचलेला होता, सकाळपासून,
त्याचा मालक अजून फिरकला नव्हता.
"खाटीक कशाला लिहायलाव," ते म्हणाले,
"त्येला झुडुपाचं याड हाय ना?
मग त्येच लिवा."

लिहिलं. झुडूपवेडा.
मंडळ खोडणार, ठाऊक आहे,
शिवाय 'झ' माझ्याकडे नाही.

पाच वाजता त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं,
आणि हजेरीपटावर सही केली, रोजच्यासारखी,
आडनाव आधी.